रघुनाथराव कर्वे आणि पुरुषांचा वाटा

दरवर्षी नोव्हेंबर महिना सरत आला की आरोग्यखात्याचा ‘पुरुष नसबंदी पंधरवडा’ सुरू होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर फलक लागतात, आशा कार्यकर्त्या घरोघर फिरतात, तालुक्याच्या आढावा बैठकीत आकडे विचारले जातात. पंधरवडा संपतो आणि फलक उतरतात, पण ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला ते पुरुष बहुतांशी आपापल्या घरीच राहिलेले असतात. अकोल्यापासून जामखेडपर्यंत पसरलेल्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातच हे घडते असे मात्र नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, देशातील प्रजननक्षम वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ३७.९ स्त्रियांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली होती, तर पतीने शस्त्रक्रिया करून घेतल्याचे प्रमाण शेकडा अवघे ०.३ होते. म्हणजे शंभराहून अधिक स्त्रियांमागे एक पुरुष.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी असे प्रमाण पाहून थबकतो. एकाच उद्दिष्टासाठी दोन मार्ग उपलब्ध असताना त्यांतील अधिक सोपा, अधिक स्वस्त आणि कमी धोक्याचा मार्ग समाज जवळजवळ पूर्णपणे टाळतो, याचा अर्थ हिशेबात कोठेतरी मोठी चूक आहे. ती शोधावयाची तर रघुनाथ धोंडो कर्वे या विस्मृतीत गेलेल्या, किंबहुना आपण सोयीस्करपणे विस्मृतीत टाकलेल्या, माणसाच्या चरित्राकडे वळावे लागते.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. धोंडो केशव तथा अण्णासाहेब कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. १८९१ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी त्यांना मातृवियोग झाला. १८९३ मध्ये अण्णासाहेबांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्यासाठी बहिष्कार सोसला. सुधारणेची किंमत घरातील सर्वांना मोजावी लागते, हा धडा रघुनाथांना बालपणीच मिळाला. पिता गणिताचे प्राध्यापक होते आणि पुत्रही पुढे गणिताचाच प्राध्यापक झाला. गृहीतक तपासल्यावाचून निष्कर्ष स्वीकारावयाचा नाही, आणि निष्कर्ष एकदा सिद्ध झाला की तो गैरसोयीचा आहे म्हणून नाकारावयाचा नाही, ही गणित्याची शिस्त त्यांनी समाजाच्या प्रश्नांनाही लावली. त्यांच्या साऱ्या कर्तृत्वाचे आणि साऱ्या हालअपेष्टांचेही मूळ या एका स्वभावात आहे.

फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी अध्यापनाचा व्यवसाय पत्करला. १९११ साली त्यांचा मालतीबाईंशी विवाह झाला. पुढे गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. महायुद्ध नुकतेच संपलेल्या त्या युरोपात संततिनियमन, लैंगिक आरोग्य आणि स्त्रीचे स्वातंत्र्य यांवर उघड चर्चा चालू होती. हे विषय रघुनाथरावांना नवे नव्हते. परंतु सर्वांना ठाऊक असूनही ज्याविषयी कोणीही बोलत नाही तो विषय शास्त्राच्या भाषेत बोलता येतो, ही खात्री घेऊन ते परतले.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. हिंदुस्थानातील या प्रकारचे हे पहिले केंद्र मानले जाते. योगायोग असा की लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. मात्र स्टोप्स यांच्यामागे पैसा होता आणि चळवळ होती. कर्वे यांच्यामागे एका महाविद्यालयीन प्राध्यापकाचा पगार आणि पत्नीची साथ, यांपलीकडे काही नव्हते. १९२३ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे साधन आणि त्यामागील विचार सांगणारे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. ते ज्या विल्सन महाविद्यालयात शिकवीत होते, तेथील चालकांना हे कार्य रुचले नाही. नोकरी हवी असेल तर हा प्रचार सोडावा लागेल, असा पर्याय त्यांच्यापुढे आला. रघुनाथरावांनी १९२५ मध्ये नोकरी सोडली.

स्थिर उत्पन्न सोडणे म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगावयास नको. पुढची सारी वर्षे ओढग्रस्तीची गेली. घराचा भार मालतीबाईंनी स्वतः नोकरी करून उचलला. आपल्याला अपत्य होऊ द्यावयाचे नाही, असे या दांपत्याने ठरविले होते. ज्या काळात निपुत्रिकपणाचा दोष केवळ स्त्रीच्या माथी मारला जाई, त्या काळात मालतीबाईंना काय काय ऐकावे लागले असेल याची कल्पना करता येते. रघुनाथरावांचे चरित्र सांगताना मालतीबाईंचे नाव ओझरते घेऊन पुढे जाण्याचा प्रघात आहे. तो न्यायाचा नाही. १९४४ साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत या कार्याचा आर्थिक आणि मानसिक पाया त्याच होत्या.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. पुढे सव्वीस वर्षे, नोव्हेंबर १९५३ पर्यंत, हे मासिक चालले. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन, स्त्री-पुरुष समता, बुद्धिवाद असे त्याचे विषय होते. वाचकांच्या शंकांना त्यात सरळ उत्तरे दिली जात. ज्या शंका मुलगा बापाला विचारू शकत नाही, पत्नी पतीला विचारू शकत नाही आणि रोगी वैद्यालाही धड विचारू शकत नाही, त्या शंका या मासिकाच्या पत्त्यावर येत. त्यांना मिळणाऱ्या उत्तरांत आडपडदा नसे आणि उपदेशही नसे.

सरळ उत्तराची किंमतही मोजावी लागली. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला. या वेळी त्यांची बाजू मांडावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर वाचकाने प्रश्न विचारावा आणि संपादकाने त्याचे शास्त्रीय उत्तर द्यावे, यात गुन्हा कोणता, हा त्या बचावाचा गाभा होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि दोनशे रुपये दंड ठोठावला. नोकरी नसलेल्या माणसाला त्या काळचे दोनशे रुपये म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मासिक मात्र बंद पडले नाही.

या खटल्यानंतर चारच वर्षांनी जे घडले त्याचा आपल्या जिल्ह्याशी थेट संबंध आहे, आणि येथील फारच थोड्या लोकांना तो ठाऊक असतो. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे दक्षिण अहमदनगर मतदारसंघातून प्रभाकर जनार्दन रोहम मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी याच रोहम यांनी संततिनियमनासंबंधीचा ठराव सभागृहापुढे ठेवला. त्यांनी केलेले भाषण डॉ. आंबेडकरांनी तयार केलेले होते. वारंवार लादल्या जाणाऱ्या बाळंतपणांनी स्त्रीचे आरोग्य कसे खंगते, गरीब कुटुंबाचा संसार कसा खचतो, हे त्यात मांडले होते. कोणत्याही कारणाने स्त्रीला मूल नको असेल तर गर्भधारणा टाळणे तिच्या हाती असले पाहिजे आणि हा निर्णय सर्वस्वी तिचा असला पाहिजे, हा त्यातील सर्वांत पुढचा विचार होता. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी फेटाळला गेला. दुष्काळी नगरच्या प्रतिनिधीने मांडलेला हा विचार पराभूत झाला खरा, पण तो मांडला गेला होता, याची नोंद या जिल्ह्याने अभिमानाने ठेवावयास हवी होती.

रघुनाथरावांना विरोध केवळ सनातन्यांचा नव्हता. संयम हाच संततिनियमनाचा एकमेव उचित मार्ग, असे महात्मा गांधींचे मत होते. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन त्यांच्याशी बोलल्या, तरीही ते बदलले नाही. देशातील सर्वांत मोठ्या नैतिक अधिकारापुढे उभे राहून कर्वे यांना आपले म्हणणे मांडावे लागत होते. सामान्य स्त्री-पुरुषांकडून आजन्म ब्रह्मचर्याची अपेक्षा धरणे म्हणजे प्रश्न सोडविणे नव्हे, तो टाळणे होय, हे त्यांचे उत्तर होते. त्यांच्या सर्वच मतांशी सहमत होण्याचे कारण नाही. त्या पिढीतील जगभरचे संततिनियमनवादी सुप्रजाशास्त्राच्या छायेतून पूर्णपणे मुक्त नव्हते, हेही विसरता कामा नये. तथापि कर्वे यांच्या कार्यात सक्ती नव्हती. त्यांच्याजवळ होते ते छापील शब्द आणि एक छोटे केंद्र. ज्याला हवे त्याने यावे, विचारावे, समजून घ्यावे आणि आपला निर्णय आपण करावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा शासकीय कार्यक्रम स्वीकारला. असा कार्यक्रम राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश. ज्या कार्यासाठी कर्वे यांची नोकरी गेली आणि ज्यासाठी त्यांनी दंड भरला, ते आता सरकारचे कार्य झाले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे मुंबईत निधन झाले आणि पुढच्या महिन्यात ‘समाजस्वास्थ्य’ही थांबले. पिता अण्णासाहेब तेव्हा हयात होते. त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले आणि वयाची शंभरी ओलांडून १९६२ मध्ये ते निवर्तले. विधवाविवाहाची सुधारणा समाजाने अखेर पचविली, परंतु पुत्राने आरंभलेली सुधारणा आजही अर्धीच पचली आहे.

शासनाने कर्व्यांचे उद्दिष्ट घेतले, पण त्यांची पद्धत घेतली नाही, आणि प्रारंभी ज्या हिशेबातील चुकीचा उल्लेख केला ती येथे सुरू होते. पुरुष नसबंदीची शस्त्रक्रिया तेव्हा नवी नव्हती. अमेरिकेतील इंडियाना प्रांतात १८९९ पासून तुरुंगातील कैद्यांवर ती केली जात होती आणि १९०७ मध्ये त्याच प्रांताने सक्तीच्या वंध्यीकरणाचा कायदा केला होता. म्हणजे या साध्या शस्त्रक्रियेच्या जन्मापासूनच तिला सत्तेचा स्पर्श झालेला होता. भारतात साठीच्या दशकात तिचा वेगाने प्रसार झाला. महाराष्ट्र त्यात आघाडीवर होता, मुंबईच्या रेल्वेस्थानकांवरही नसबंदीची केंद्रे उघडली गेली होती. आज आश्चर्य वाटेल, पण त्या दशकात शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक होती. भारतीय पुरुष या शस्त्रक्रियेला मुळातच तयार होत नाही, हे विधान इतिहासाला धरून नाही.

मग आली आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख वंध्यीकरणाच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांवरील होत्या. उद्दिष्टे ठरली, ती खालच्या नोकरांपर्यंत वाटली गेली. देशाच्या अनेक भागांत शिक्षकांना आणि लिपिकांना माणसे आणून देण्याचे आकडे नेमून दिले गेले, पगार आणि बढती त्यांना जोडली गेली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर वंध्यीकरण सक्तीचे करणारे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही, एवढेच आपले सुदैव. १९७७ मध्ये सरकार पडले आणि १९७७-७८ मध्ये पुरुषांच्या शस्त्रक्रिया दोन लाखांच्याही खाली आल्या. खात्याचे नाव कुटुंबनियोजनाऐवजी कुटुंबकल्याण झाले.

नाव बदलले, तशी दिशाही बदलली. पुरुषांच्या रोषाचा अनुभव घेतलेल्या यंत्रणेने आपला मोर्चा स्त्रियांकडे वळविला. उद्दिष्टे कायमच राहिली, फक्त ती पुरी करणारे शरीर बदलले. स्त्रिया मोर्चे काढणार नाहीत, सरकार पाडणार नाहीत, असा हा अलिखित हिशेब होता. एप्रिल १९९६ मध्ये उद्दिष्टांची पद्धत अधिकृतपणे सोडण्यात आली, पण शिबिरांची सवय सुटली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगढमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात ८३ स्त्रियांवर काही तासांत शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि त्यांतील तेरा स्त्रिया दगावल्या. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना केली तर या विषमतेचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. स्त्रीवरील शस्त्रक्रियेत उदरपोकळीपर्यंत जावे लागते, विश्रांती अधिक लागते, धोकाही अधिक असतो. पुरुषाच्या बाबतीत शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन नलिका तेवढ्या बंद करावयाच्या असतात. जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत हे काम होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. चीनमध्ये १९७४ साली विकसित झालेल्या बिनटाका पद्धतीत चाकूचा छेदही घ्यावा लागत नाही. भारतात ही पद्धत नव्वदीच्या दशकात आली. शस्त्रक्रियेने पुरुषत्व जाते हा समज निराधार आहे. पुरुषी संप्रेरके त्या नलिकांतून वाहत नाहीत, ती थेट रक्तात मिसळतात, त्यामुळे इच्छा, शक्ती आणि कष्टाची ताकद पूर्ववत राहते. मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे शस्त्रक्रियेचा परिणाम लगेच होत नाही, सुमारे तीन महिने अन्य साधन वापरून वीर्यतपासणी करून घ्यावी लागते. दुसरे म्हणजे नलिका पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया अवघड असते आणि तिच्या यशाची खात्री देता येत नाही, म्हणून हा निर्णय कायमचा समजूनच करावा. या दोन गोष्टी न सांगता मिळविलेली संमती ही संमती नव्हे.

ही माहिती कोणत्याही आरोग्य केंद्रात मिळू शकते. मिळत नाही ते मोकळे संभाषण. या संदर्भात आपल्याच जिल्ह्यातील जामखेडचा अनुभव बोलका आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्याचे कार्य सुरू केले. त्यांनी कुटुंबनियोजनाचा आकडा पुढे केला नाही. प्रथम शेतकरी मंडळांतून पुरुषांशी पाण्याविषयी आणि शेतीविषयी बोलणे झाले, गावातल्याच स्त्रियांना, त्यांतील अनेक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. आधी बालके जगू लागली आणि मग कुटुंबे आपणहून लहान होऊ लागली. जन्मलेले मूल जगेल याची शाश्वती नसेल तर आईबाप अधिक मुले होऊ देतात, हे अर्थशास्त्र वर्गात शिकविले जाते. जामखेडने ते प्रत्यक्ष करून दाखविले. मुंबईच्या एका लहानशा केंद्रातून आणि मासिकातून कर्वे जे करू पाहत होते, त्याचेच हे ग्रामीण रूप होते असे म्हटल्यास वावगे ठरू नये. दोन्हीकडे विश्वास आणि माहिती आधी होती आणि निर्णय ज्याचा त्याने केला.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. प्रस्तुत लेखक गेली अनेक वर्षे लोकसंख्येचे अर्थशास्त्र शिकवितो. माल्थसचा सिद्धांत, जन्मदर, लोकसंख्येची संक्रमणावस्था हे सारे त्याला मुखोद्गत आहे. तथापि स्वतःच्या घरी दुसऱ्या अपत्यानंतर प्रश्न आला तेव्हा शस्त्रक्रिया पत्नीची झाली. तिला विचारले गेले, तिने होकार दिला, पतीने कागदावर सही केली. शस्त्रक्रिया आपलीही होऊ शकते, हा विचार त्या संपूर्ण दिवसात एकदाही त्याच्या मनात आला नाही. कोणी सक्ती केली नव्हती, कोणी नकारही दिला नव्हता. प्रश्न पडलाच नाही, आणि हीच खरी अडचण आहे. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसाची ही गत, तर अर्धे वर्ष उसाच्या फडावर काढणाऱ्या पाथर्डीच्या मजुराला दोष कोणत्या तोंडाने द्यावयाचा? त्याच्या पत्नीला शस्त्रक्रियेनंतर विश्रांती मिळते की नाही, याची चौकशी तरी आपण कधी करतो?

म्हणून या पंधरवड्याकडे सरकारी उपक्रम म्हणून पाहणे पुरेसे नाही. आणीबाणीची आठवण सांगून पुरुषांनी स्वतःची कायमची सुटका करून घेतली आहे. सक्तीचा निषेध योग्यच होता आणि तो आजही जागता ठेवला पाहिजे. परंतु सक्ती नको याचा अर्थ जबाबदारी नको असा होत नाही. पुरुषावर जबरदस्ती झाली तेव्हा देश हादरला. स्त्रीवर तोच भार रीत म्हणून पडतो तेव्हा घरातले माणूसही हलत नाही.

यावर उपाय मोठा नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्या शिक्षकांना आणि लिपिकांना माणसे गोळा करण्याचे काम लावले गेले, त्यांच्याच पुढच्या पिढीने आता आपणहून बोलावे. कोणाला आणून देण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या घरी पत्नीसमोर बसून दोन्ही शस्त्रक्रियांची माहिती एकत्र वाचण्यासाठी. चर्चेअंती निर्णय कोणाचाही होवो, वा शस्त्रक्रियाच नको असेही ठरो. विवाहाच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्यांना तर हे कळण्याचा हाच योग्य काळ आहे. रघुनाथराव कर्वे सव्वीस वर्षे दरमहा वाचकांच्या शंकांची उत्तरे देत राहिले, कारण माणसाला माहिती दिली की तो विचार करतो यावर त्यांचा विश्वास होता. त्यांचा हा विश्वास अनाठायी नव्हता, हे दाखवून देणे आता पुरुष वाचकांच्या हाती आहे.